स्वस्थ, रिकामा आणि गप्प

शास्त्रपाठ : निर्गम ५:१–१८, स्तोत्रसंहिता ४६, मत्तय २०:१–१६



आपल्या मराठी भाषेत ‘स्वस्थ’ हा मोठा चमत्कारिक शब्द आहे. दुखणेकऱ्याचा ताप उतरून त्यास झोप लागली, म्हणजे घरची माणसे समाधानाने म्हणतात, ‘आता तो स्वस्थ आहे.’ परंतु पेरणीच्या दिवसांत धडधाकट मुलगा ओसरीवर बसलेला दिसला, तर तीच माणसे रागाने म्हणतात, ‘असा स्वस्थ काय बसलास?’ शब्द एकच; पण एके ठिकाणी तो आशीर्वाद आहे व दुसऱ्या ठिकाणी ठपका. ‘शांत’ ह्या शब्दाचीही तीच गत. रडणारे लेकरू शांत झाले तर आईस बरे वाटते. मात्र दिवा शांत झाला असे म्हटले, म्हणजे अंधार पडला असे समजावे. आणि ‘उगी’? आई बाळास मांडीवर घेऊन ‘उगी, उगी’ म्हणते, तेव्हा त्या दोन अक्षरांत जगातील सारी माया भरलेली असते. परंतु त्यालाच पुढे एक ‘च’ लागला की ‘उगीच’ होते, आणि उगीच म्हणजे निष्कारण, व्यर्थ.

कोणी म्हणेल, पाळकसाहेबांनी आज उपदेश सोडून व्याकरण काढले. तसे नव्हे. शब्द हे वजनासारखे आहेत. खोटे वजन वापरणाऱ्या दुकानदारास आपण लबाड म्हणतो. मग जो मनुष्य आपल्या शेजाऱ्यास खोट्या शब्दाने तोलतो, त्यास काय म्हणावे? मी स्वतः हे पाप दोनदा केले आहे. एकदा एका बंधूस मी ‘आळशी’ ह्या शब्दाने तोलले, आणि एकदा स्वतःच्या भ्याडपणास ‘शांती’ असे नाव दिले. त्या दोन्ही गोष्टी आज तुम्हांपुढे मांडून, पवित्र शास्त्र ह्या शब्दांचा उपयोग कसा करते हे पाहण्याचा माझा विचार आहे.

पंडिता रमाबाईंनी खेड्यांतील साध्या बायकांस समजावे म्हणून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले, आणि त्यासाठी इब्री व ग्रीक ह्या भाषा शिकण्याचे श्रम घेतले. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या आणि १९२४ साली ते समग्र शास्त्र प्रसिद्ध झाले. साध्या माणसांसाठी मूळ शब्दापर्यंत खणावे लागते, हे त्या बाई जाणत होत्या. विहीर खोल असली तरी पाणी घागरीतच भरावयाचे असते. आपणही आज थोडेसे खणू.

पहिली गोष्ट : हात सैल सोडणे.

शेहेचाळिसाव्या स्तोत्राच्या दहाव्या वचनात देव लोकांस स्थिर होण्याची व तोच देव आहे हे ओळखण्याची आज्ञा करतो. हे वचन आपण आजाऱ्याच्या खाटेशी वाचतो, मृताच्या घरी वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तेथे जो इब्री शब्द आहे त्याचे मूळ ‘राफा’ असे आहे, आणि त्याचा अर्थ नुसते शांत बसणे एवढाच नाही. ताणलेले सैल करणे, धरलेले सोडून देणे, हात खाली पाडणे, असा तो अर्थ आहे. हे स्तोत्र निवांत जागी बसून रचलेले दिसत नाही. त्यात राष्ट्रे खवळलेली आहेत, पर्वत समुद्रात कोसळत आहेत. आणि ह्या वचनाच्या अगोदरच्याच वचनात देव लढाया बंद करतो, धनुष्य मोडतो, भाला तोडतो. म्हणून ही आज्ञा मुठी आवळलेल्यांस आहे. आपल्या बळावर सर्व काही तोलून धरण्याची जी आपली धडपड, ती सोडा. हात सैल करा. मग देव कोण आहे हे कळेल, असा तिचा भाव आहे.

आता हाच शब्द दुसऱ्या एका मनुष्याच्या तोंडी ऐका. निर्गमाच्या पाचव्या अध्यायात मोशे व अहरोन फारोकडे जातात आणि लोकांस रानात जाऊन परमेश्वराचा उत्सव करू द्यावा अशी विनंती करतात. फारो काय उत्तर देतो? हे लोक आळशी झाले आहेत, काम नको म्हणूनच उपासनेची सबब सांगतात, असे तो म्हणतो. आठव्या वचनात एकदा आणि सतराव्या वचनात दोनदा तो हा ‘आळशी’ शब्द त्यांच्या तोंडावर फेकतो. बंधूंनो, तेथेही मूळ शब्द ‘राफा’च आहे! देव ज्यास विसावा म्हणतो, त्यास फारो आळस म्हणतो. देवाच्या मुखी जी आज्ञा, तीच फारोच्या मुखी शिवी.

आणि ही शिवी तो कोणास देतो, हे पाहा. जे दिवसभर चिखल तुडवून विटा पाडीत होते, त्यांस. गवताचा पुरवठा त्याने स्वतः बंद केला, विटांचा आकडा मात्र तोच ठेवला, आणि आकडा भरला नाही म्हणून इस्राएलांच्याच मुकादमांस फटके मारविले. इतके करून तो म्हणतो, तुम्ही आळशी आहात. पाचव्या वचनात त्याची आणखी एक तक्रार आहे : तुम्ही ह्यांस ओझ्यापासून थांबविता. तेथील थांबविण्याचा शब्द ज्या मुळापासून आहे, त्याच मुळापासून ‘शब्बाथ’ हा शब्द निघाला आहे. सिनाय पर्वतावर नियमशास्त्र मिळण्यापूर्वीच फारोस शब्बाथाचे वावडे होते, ह्यात नवल नाही. ज्यास दुसऱ्याच्या घामावर जगावयाचे असते, त्यास दुसऱ्याचा विसावा नेहमी आळसच दिसतो.

ही गोष्ट आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांस पुस्तकातून शिकावी लागत नाही. आपल्या आज्यापणज्यांनी गावकीची कामे केली. रात्र असो की पाऊस असो, सरकारी टपाल पोचवावे, ओझे उचलावे, वाट दाखवावी, सांगावा घेऊन धावावे. त्या कामास वेळ नव्हता आणि पुरता मोबदलाही नव्हता. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात ह्या वतनी गुलामीविरुद्ध विधेयक मांडले. पुढे १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने वेठबिगारीस मनाई केली, आणि १९५८ साली मुंबई राज्याने कायदा करून ती कनिष्ठ वतने रद्द केली. त्या काळी एखादा दमून झाडाखाली टेकला, तर त्यास गावाने कोणता शब्द दिला असेल? तोच, जो फारोने दिला. म्हणून ज्यांच्या वाडवडिलांनी हा शब्द पाठीवर सोसला, त्यांनी तो दुसऱ्याच्या पाठीवर मारण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

मी तो केला नाही. एका उन्हाळ्यात मी नीतिसूत्रांतील मुंगीवर उपदेश केला. आमच्या मंडळीतील एक तरुण बंधू त्या दिवसांत रोज पारावर बसलेला मला दिसे, आणि बोलताना माझी दृष्टी, व खरे सांगावयाचे तर माझे बोटही, त्याच्याकडे वळले. मंडळी हसली. उपासना संपल्यावर तो मागे राहिला आणि म्हणाला, ‘साहेब, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आम्ही दोघे नवराबायको ऊस तोडत होतो. तिथे आम्हा दोघांना मिळून एक कोयता म्हणतात. पहाटे मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवल्या. घेतलेली उचल फिटली नाही. आता गावात काम नाही. काल दोन कोस चालत गेलो, मुकादम म्हणाला, माणसे पुरेशी झाली. मुंगीला काम मागायला कुणाच्या दारी जावे लागत नाही, साहेब. मी रिकामा आहे. आळशी नाही.’

बंधूंनो, मी सेमिनरीत ग्रीक शिकलो होतो, पण त्या दिवशी त्या बंधूने मला मत्तयाचा विसावा अध्याय शिकविला. द्राक्षमळ्याचा धनी सकाळपासून बाजारात जातो. तिसऱ्या तासाला, सहाव्या, नवव्या आणि शेवटी अकराव्या तासाला त्यास काही माणसे तेथे उभी असलेली आढळतात. त्यांच्यासाठी जो ग्रीक शब्द आहे तो ‘आर्गोस’, म्हणजे काम नसलेला. त्यात दोष सांगितलेला नाही. परिस्थिती सांगितली आहे. धनी विचारतो, दिवसभर येथे रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हांस कोणी कामाला लावले नाही. धनी त्यावर मुंगीचा दाखला देत नाही. तो त्यांस काम देतो, आणि संध्याकाळी पूर्ण दिवसाचे वेतन देतो. कारण एका तासाच्या मजुरीने लेकरांचे पोट भरत नाही, हे त्यास ठाऊक आहे.

१९७२ सालच्या दुष्काळात महाराष्ट्रात लक्षावधी माणसे खडी फोडावयास गेली. ती आळशी असती तर उन्हात खडी फोडीत बसली नसती. त्यानंतर १९७७ साली आपल्या राज्याने मागणाऱ्यास काम देण्याचा कायदा केला. हात रिकामे असणे म्हणजे मन आळशी असणे नव्हे, एवढे सत्य राज्याच्या कायद्यास कळले. मग ज्या मंडळीजवळ द्राक्षमळ्याचा दाखला आहे, तिला ते कळू नये काय?

मग आळस हे पाप नाही काय? आहे. पौल थेस्सलनीकाकरांस लिहितो, की जो काम करू इच्छित नाही त्याने खाऊही नये. परंतु नीट वाचा : ‘ज्यास काम मिळत नाही’ असे तो म्हणत नाही; ‘जो इच्छित नाही’ असे म्हणतो. आणि त्या लोकांस तो जो शब्द लावतो त्याचा अर्थ रांग सोडून चालणारा, शिस्त मोडणारा, असा आहे. ते लोक बसून राहत नव्हते. ते घरोघर फिरून दुसऱ्यांच्या कामांत लुडबुड करीत होते. त्यांच्यासाठी पौलाचा उपाय काय? शांतपणे आपले काम करावे व स्वतःची भाकर खावी. पाहा, प्रेषिताच्या एकाच वाक्यात शांतपणा व काम हे जोडीदार आहेत, एका जुवाला जुंपलेल्या दोन बैलांसारखे. आपणच त्यांची जोडी फोडून एकास मंदिरात व दुसऱ्यास शेतात बांधले आहे.

दुसरी गोष्ट : तोंड बंद ठेवणे.

निर्गमाच्या चौदाव्या अध्यायात इस्राएल लोक समुद्राच्या काठी उभे आहेत. पुढे पाणी, मागे फारोचे रथ. मोशे त्यांस सांगतो की परमेश्वर तुमच्यासाठी लढेल, तुम्ही मुकाट्याने राहा. तेथील इब्री शब्दाचे मूळ ‘हारश’ असे आहे. ती पवित्र स्तब्धता आहे. कारण जेथे मनुष्याच्या हाती काहीच नाही, तेथे देवाचा हात पाहण्यासाठी ओरड थांबवावी लागते. परंतु ती स्तब्धता किती वेळ टिकली? पुढच्याच वचनात परमेश्वर मोशेस विचारतो, की माझा धावा काय करतोस? लोकांस पुढे चालावयास सांग. म्हणजे मुकाट राहणे ही वस्ती नव्हे, ती पाऊल उचलण्यापूर्वीची उसंत आहे.

आता एस्तेरच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायाकडे वळा. यहूदी लोकांचा नाश करण्याचा हुकूम निघाला आहे, आणि एस्तेर राणी राजवाड्यात सुरक्षित आहे. मर्दखय तिला निरोप पाठवितो, की ह्या वेळी तू गप्प राहिलीस तर सुटका दुसरीकडून होईल, पण तू व तुझ्या बापाचे घराणे नष्ट होईल. ह्या गप्प राहण्यासाठी शब्द कोणता? तोच ‘हारश’! समुद्राच्या काठी जो विश्वास होता, तो राजवाड्यात विश्वासघात झाला असता. शब्द बदलला नाही. बोलण्याची सत्ता कोणाजवळ आहे, ती गोष्ट बदलली. समुद्राच्या काठी लोकांजवळ काही उपाय नव्हता, एस्तेरजवळ होता. ज्याच्या हाती उपाय नाही त्याचे मौन प्रार्थना होऊ शकते. ज्याच्या हाती आहे त्याचे मौन, प्रार्थनेचे कपडे घालून आले तरी, पापच होय.

येथे मला माझी दुसरी कबुली द्यावयाची आहे. आमच्या मंडळीतील एका विधवा बहिणीच्या शेताचा बांध शेजारचा मनुष्य दरवर्षी नांगराच्या एका तासाने सरकवीत असे. एक तास म्हणजे काय, वीतभर जमीन. पण दहा वर्षांत वीतभरेचा पट्टा होतो. शेजारी वजनदार होता. मंडळीच्या कामासही कधीमधी वर्गणी देई. बाई आमच्या पंचांकडे आली. आम्ही तिला म्हणालो, ‘बाई, शांत राहा. देव पाहतो. तंटा वाढवू नये.’ आम्हांस वाटले, आपण फार आत्मिक सल्ला दिला. ती क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, ‘देव पाहतो हे मला ठाऊक आहे, पाळकसाहेब. तुम्ही पाहता की नाही, एवढेच विचारायला आले होते.’

आपल्या गावांत एक म्हण आहे : अळीमिळी गुपचिळी. सर्वांनी मिळून गप्प राहावयाचे ठरविले, म्हणजे ती वापरतात. आमची ‘शांती’ ती अळीमिळी गुपचिळी होती. नियमशास्त्र शेजाऱ्याची सीमा सरकविण्यास मनाई करते, आणि नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायात पोरक्यांच्या शेतात शिरू नको, कारण त्यांचा कैवारी समर्थ आहे, असा इशारा आहे. आम्ही त्या कैवाऱ्याचे चाकर म्हणवीत होतो आणि ज्या दिवशी त्याचे काम निघाले त्याच दिवशी आम्हांस शांती आठवली. पुढे आम्ही चौघे तिच्याबरोबर तलाठ्याकडे गेलो, मोजणीचा अर्ज केला, आणि मोजणीच्या दिवशी उन्हात बांधावर उभे राहिलो. शेजारी रागावला; ती वर्गणी बंद झाली. बाईच्या जमिनीचा काही भाग परत मिळाला, काहीचा वाद अजून चालू आहे. परंतु मोजणीच्या दुसऱ्या रविवारी ती बहीण पुढच्या चटईवर येऊन बसली. त्यापूर्वी पुष्कळ दिवस ती दाराशीच बसत असे, आणि आम्ही तिला विचारलेही नव्हते की का.

वादळाची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. मार्काच्या चौथ्या अध्यायात प्रभू वाऱ्यास व समुद्रास दटावितो. त्याने समुद्रास जो शब्द लाविला त्याचा मूळ अर्थ ‘मुसके बांध’ असा आहे. मळणीच्या बैलाच्या तोंडास मुसके बांधू नये ही जी आज्ञा पौल तीमथ्यास आठवून देतो, तेथे तोच ग्रीक शब्द आहे. किती बोध घेण्याजोगी गोष्ट! प्रभू मुसके बांधतो ते वादळाच्या तोंडास, आणि मोकळे ठेवावयास सांगतो ते राबणाऱ्या बैलाचे तोंड. आपण मात्र पुष्कळदा उलटे करतो. वादळास वाट देतो आणि राबणाऱ्यास म्हणतो, गप्प बस.

तिसरी गोष्ट : अंतःकरण निवणे.

आतापर्यंत हातांविषयी व तोंडाविषयी बोललो. परंतु एक स्थिरता ह्या दोहोंच्या आत आहे. एकशे एकतिसाव्या स्तोत्रात दावीद आपल्या जिवास दूध तुटलेल्या बाळाची उपमा देतो. अंगावर पिणारे मूल आईच्या मांडीवर असले तरी धडपडते, कारण त्यास काही तरी पाहिजे असते. दूध तुटलेले मूल मात्र आईपासून काही घ्यावयाचे नसतानाही तिच्यापाशी निवांत पडते. त्यास आता आईच पाहिजे. हीच आपली ‘उगी’. ही शांती कोणी ‘गप्प बस’ म्हणून देऊ शकत नाही. ती मांडीवरच मिळते.

आणि ज्यास ती मिळाली, तो दुसऱ्यासही विसावा देतो. ही तिची खूण आहे. रस्त्याने जाताना एखादे शेत दिसते. पीक नाही, हराळी माजलेली आहे. ते आळशाचे आहे की विसाव्यासाठी राखलेले, हे दुरून कळत नाही. सातबाराच्या उताऱ्यावरही ‘पड’ एवढेच लिहिलेले आढळते. तेथे निदान चालू पड व कायम पड असा भेद असतो. शास्त्रात दोन्ही शेते आहेत. नीतिसूत्रांच्या चोविसाव्या अध्यायात आळशाचे शेत आहे : काटे माजले आहेत, दगडी कुंपण ढासळले आहे, आणि त्यातून येते ते केवळ दारिद्र्य. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी पड ठेवलेले शेत आहे. त्यात आपोआप उगवेल ते लोकांतील गरिबांनी खावे आणि उरेल ते रानपशूंनी खावे, अशी आज्ञा आहे. दुरून दोन्ही सारखी. जवळ जाऊन विचारावे, ह्या स्थिरतेने कोणाचे पोट भरले? एका शेताने धन्याचेही भरले नाही. दुसऱ्याने परक्याचेही भरले. ही कसोटी आपण लक्षात ठेवावी. जो विसावा केवळ माझाच, तो कायम पड होण्याच्या वाटेवर आहे.

ह्या कसोटीने आपला रविवार पाहू. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात विसाव्याची आज्ञा देताना परमेश्वर दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आतील परका ह्यांची नावे घेतो, आणि कारण सांगतो की तू स्वतः मिसर देशात दास होतास. आता बंधूंनो, प्रामाणिकपणे सांगा. रविवारी उपासना झाल्यावर तुम्ही खाटेवर पडता, तेव्हा पाण्याची घागर कोणाच्या डोक्यावर असते? चुलीपाशी कोण असते? पाहुणे आले तर कोण धावते? मार्था कामाने ओढली जात होती, तेव्हा प्रभूने तिला दोष दिला असे आपण म्हणतो. पण त्या घरात आणखी दोन हात मदतीस आले असते तर मार्थेसही मरीयेशेजारी बसावयास मिळाले असते, हे कोण बोलतो? ज्या घरात पुरुषाचा शब्बाथ स्त्रीच्या पाठीवर पडतो, त्या घरात थोडासा फारो अजून राहत आहे.

धर्मशिक्षक बंधूंनो, तुम्हांस दोन शब्द. तुम्ही पाच-पाच वाड्या सांभाळता, उन्हातान्हात चालता, आणि कोणी तुम्हांस एखाद्या दुपारी पडवीत बसलेले पाहिले की कुजबुज होते. त्या कुजबुजीने खचू नका. आपला प्रभू तारवाच्या मागच्या भागी उशीवर निजला होता, आणि त्याच्यावरही ठपका आला की तुला आमची काळजी नाही. त्याने उठून वादळ थांबविले. पण निजल्याबद्दल क्षमा मागितली नाही. तसेच दुसऱ्या बाजूने सांगतो : एखाद्या घरी महिनोन्‌महिने पाऊल न टाकता ‘देवाची वेळ पाहतो आहे’ असे म्हणत असाल, तर आपल्या अंतःकरणास विचारा, की ही वेळ देवाची आहे की आपल्याच अंगाची. आणि एखाद्यास आळशी, रिकामटेकडा, किंवा ‘फार शांत मनुष्य’ असे म्हणण्यापूर्वी त्याच्या ओसरीवर जाऊन एक घोट पाणी प्या. शब्द नंतर काढा.

त्या ऊसतोड बंधूची मी पुढच्याच रविवारी भर मंडळीत क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. खाली पाहत राहिला. ते मौन कोणत्या जातीचे होते, हे मी आजही सांगू शकत नाही. पुढील हंगामास निघताना मात्र तो मंदिराशी आला आणि म्हणाला, ‘साहेब, आमच्यासाठी प्रार्थना करा. आणि मुंगीसाठीही करा.’ आम्ही दोघेही हसलो.

आता शेवटची गोष्ट. ‘राफा’ हा शब्द आपण देवाच्या आज्ञेत पाहिला आणि फारोच्या शिवीत पाहिला. तो आणखी एके ठिकाणी आहे. अनुवादाच्या एकतिसाव्या अध्यायात म्हातारा मोशे लोकांचा निरोप घेत आहे. तो त्यांस धीर देतो, की परमेश्वर तुमच्याबरोबर चालतो. तो तुम्हांस अंतर देणार नाही, टाकणार नाही. तेथे अंतर न देण्याचा जो शब्द आहे, तो ‘राफा’च आहे. म्हणजे तो आपला हात सैल सोडणार नाही, असा त्याचा भाव आहे. ह्यातच सारे सुवार्तेचे सार आले. आपण आपले हात सैल करू शकतो, कारण त्याचा हात सैल होत नाही. मूल आईचे बोट सोडून झोपी जाते, कारण आईने त्यास धरलेले असते. ज्यास हे ठाऊक नाही, तो एकतर सतत मूठ आवळून राहतो, अथवा निराश होऊन हात टाकतो. ज्यास हे ठाऊक आहे, तोच खरोखर स्वस्थ, म्हणजे आपल्या जागी स्थिर. तो वेळेवर काम करतो, वेळेवर थांबतो, बोलावयाचे तेथे बोलतो, आणि देवाच्या मांडीवर उगी राहतो.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या मुठी सैल कर आणि आमचे खचलेले हात सबळ कर. ज्यांस काम नाही त्यांस काम दे, ज्यांस विसावा नाही त्यांस विसावा दे, आणि त्या दोन्ही गोष्टी देण्यासाठी आम्हांस वापर. आमच्या तोंडी शेजाऱ्याविषयी खरा शब्द घाल. जेथे आम्ही भीतीने गप्प बसलो तेथे आम्हांस क्षमा कर व बोलते कर. आणि जेथे आमचा उपाय सरतो तेथे तुझा हात पाहण्यास आम्हांस स्थिर कर. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.